घाटातला काटा

२ फेब्रुवारी

बसवला एकदाचा! स्टिअरिंगच्या शेजारी, गोल, काळा, पांढरे आकडे आणि मध्ये लाल काटा. सेन्सर पुढे रेडिएटरच्या पाइपात, तिथून वायर आत. माझ्या प्रोबॉक्स गाडीला असलं काही मुळात नव्हतंच. कंपनीने दिला होता फक्त एक दिवा. इंजिन तापलं की लाल होणार. गेल्या उन्हाळ्यात तो लाल झाला तेव्हा बोनेटखालून वाफ निघत होती आणि मी तांबाचच्या वळणावर सात बायका, दोन बोकड आणि आंब्यांच्या गोण्या घेऊन उभी! चोर पळाल्यावर भुंकणारं कुत्रं! त्यानंतर तो दिवाही जळाला. मेला तर मेला.

किमोसोप मिस्त्री म्हणाला, "बाई, आता इंजिनाचा ताप तुझ्या डोळ्यासमोर. निर्धास्त चालव."

निर्धास्त म्हणे! आज दिवसभर रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघितलं. मागच्या सीटवरून एकजण ओरडला, "काकू, दरी डावीकडे आहे, घड्याळात नाही!"

हे सगळं जेरोनोसाठी. माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला पोट कापून मूल काढलं आणि तेही हाती लागलं नाही. या वेळी डॉक्टरणीने बजावून सांगितलंय – कळा सुरू झाल्या की घरात एक क्षण थांबायचं नाही, जुना टाका आतून उसवू शकतो, सरळ वर यायचं. वर म्हणजे इतेनच्या इस्पितळात. आम्ही इथं खाली केरियोच्या खोऱ्यात. मध्ये अख्खा घाट. आणि आमच्या वस्तीवर गाडी एकच – ही.

नवरा तिचा फुलांच्या मळ्यात, नैवाशाला. तो फोनवर "काळजी घ्या" म्हणतो. घेतोच आहोत बाबा!

५ फेब्रुवारी

काटा वेडा आहे. पहाटेच्या खेपेला दिवे लावले आणि नव्वदवरून टुणकन एकशे दहावर! गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दिवे बंद केले, परत चावी फिरवली – नव्वद. दिवे – एकशे दहा. हॉर्न वाजवला तर हॉर्नच्या तालावर नाचला. बाया हसून हसून बेजार. एक म्हणाली, "लग्नात नेऊ या याला."

मला हसू येईना. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान दटावता तरी येतं.

७ फेब्रुवारी

इतेनला किमोसोपच्या शेडवर गेले. तोंडाचा पट्टा सोडलाच. तो शांतपणे बोनेटमध्ये वाकला आणि म्हणाला, "माझंच चुकलं." असं कबूल करणारा मिस्त्री मी पहिल्यांदा पाहिला.

झालं होतं असं. सेन्सर ज्या लोखंडी तुकड्यात बसवलाय तो पाइपाच्या मधोमध. दोन्ही बाजूंना रबर. म्हणजे सेन्सरला अर्थिंगच नाही. त्यात गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली. बिचारा मिळेल तिथून वीज ओढत होता. किमोसोपने टेप काढली, तुकड्यापासून बॉडीपर्यंत एक वेगळी वायर ओढली. दिवे लावले – काटा हलला नाही. हॉर्न – नाही. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यावर थांबला असता तर! पण नाही. म्हणाला, "आता पारखून घेऊ." सेन्सर बाहेर काढला, तसाच वायरींसकट शेजारच्या चहावालीच्या किटलीत बुडवला. चहावाली ओरडतेय, गिऱ्हाईकं वाकून बघतायत. पाणी खदखदा उकळतंय आणि काटा ब्याण्णववर!

"उकळतं पाणी म्हणजे शंभर," किमोसोप म्हणाला. "हा आठाने चोरी करतोय. बाजारातला माल, दुसरं काय!" आणि काट्याच्या मागचा बारका स्क्रू पिळून बरोब्बर शंभरवर आणला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आठ अंश चोरणार होता मेला! जेरोनोला नेताना घाटात ते आठ अंश आम्हाला खाऊन बसले असते.

९ फेब्रुवारी

वळणावर एकशे सात. किमोसोपचा नियम – एकशे पाचच्या वर गेला की इंजिन बंद, नाहीतर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलंच समज. थांबले. बोनेट उघडून उभी राहिले. लोकांनी शिव्या दिल्या.

१० फेब्रुवारी

एकशे आठ. थांबले. वर जाऊन परत थांबले.

१२ फेब्रुवारी

आज जेरोनोला तपासायला नेलं. तरी गाडीत दोघीच, ओझं काही नाही. वळणावर एकशे सहा! थांबले. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. ती दार उघडून पाय बाहेर सोडून बसली. पोटावर हात. मी रेडिएटरला हवा यावी म्हणून एका फाटक्या पुठ्ठ्याने वारा घालतेय – वेडेपणाच, पण हात स्वस्थ बसेनात.

मग म्हणाली, "ताई, त्या दिवशीपण अशीच थांबणार?"

मी खेकसले तिच्यावर! "तोंड वाईट बोलायलाच दिलंय का देवाने?" तिने पाय आत घेतले. माझे डोळे भरून आले, ते बोनेटआड पुसले.

डॉक्टरीण म्हणाली, बाळ ठीक आहे, टाका पातळ वाटतोय. पातळ! हा शब्द दिवसभर कानात वाजतोय. पंचवीस तारखेला तिला वर मावसबहिणीकडे नेऊन ठेवायचं असं ठरवलं. मावसबहिणीकडे एकच खोली आणि घरात तिची सासू पडून, म्हणून त्याआधी नाही. तोवर देवाने कळा आवरून धराव्यात.

१३ फेब्रुवारी

किमोसोपने सगळं उघडून बघितलं. पाणी काठोकाठ. पंखा फिरतो. रेडिएटर साफ. "बाई, गाडी ठणठणीत आहे."

"मग काटा?"

"काटाही ठणठणीत. मी स्वतः शंभरवर बसवलाय."

"दोघंही ठणठणीत, मग काय मी आजारी आहे?"

त्यावर तो म्हणाला, थर्मोस्टॅट, ती पाणी अडवणारी झडप, काढून फेकू या, आपल्या हवेत त्याचं काम काय, सगळेच काढतात. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. आधीच एक कोडं सुटत नाही, त्यात दुसरं नको.

१४ फेब्रुवारी

स्वप्नात काटा. आकडे संपल्यावरही फिरत राहिला.

१५ फेब्रुवारी

आज मीच पारखायचं ठरवलं. गाडी अंगणात घेतली, सेन्सर काढला, भोकात लाकडाची खुंटी ठोकली. चहाचं पातेलं विटांवर चढवलं. अर्थिंगची वायर नीट अडकवली, पाणी उकळलं, सेन्सर सोडला.

एकशे चार.

उकळत्या पाण्यात एकशे चार! अंगावर काटा आला. उकळतं पाणी शंभराच्या वर जाईल कसं? मागच्या आठवड्यात याच सेन्सरने किटलीत शंभर दाखवले होते, याच डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे सेन्सर दिवसागणिक सरकतोय. आज चार, उद्या दहा. आणि असल्या लबाडाच्या भरवशावर मी जेरोनोला घाट चढवणार? पातेल्यासमोर तशीच बसून राहिले.

आई घेवडा निवडत होती. म्हणाली, "कशाला डोळे फाडून बघतेस? पाणी कधी पाहिलं नाहीस?"

सांगितलं. तिला सेन्सरबिन्सर कळत नाही. पण शेवटी म्हणाली, "वरच्या पाण्याचं काय घेऊन बसलीस! ते नुसतं बुडबुडे काढतं. मी दोन वर्षं वर काढली, घेवडा शिजायचा म्हटलं तर लाकडं संपायची, घेवडा काही शिजायचा नाही. खाली आणलं तेच दाणं, दुपारपर्यंत मऊ! वरचे लोक तसे आणि त्यांचं पाणीही तसंच – आवाज फार, ऊब नाही."

नेहमीचा टोमणा. आम्ही खालचे वरच्यांना हेच म्हणतो आणि ते आम्हाला शेळ्या म्हणतात. मी हसलेसुद्धा. मग हसता हसता थांबले.

घेवडा शिजत नाही. का शिजत नाही? पाणी तर उकळतं! उकळतं, पण तितकं तापत नसेल तर?

१६ फेब्रुवारी

खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईकडे धावतच गेले. जेमैयो तिचं नाव, तीच जेरोनोला इथं बघते. विचारलं, वर पाणी कितीला उकळतं?

ती म्हणाली, "हे काय विचारणं! वर शिकायला होते तेव्हा आम्हाला सांगायचे, इथं भांडी जास्त वेळ उकळा, इथलं पाणी ब्याण्णवलाच उकळतं. जितकं उंच तितकं लवकर. इथं खोऱ्यात शहाण्णवच्या आसपास."

ब्याण्णव! किटलीत काट्याने दाखवलेले ब्याण्णव!

म्हणजे तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. आम्ही दहा जणांनी मिळून, माना डोलावून, त्याला आठ अंश खोटं बोलायला शिकवलं. एकशे आठ म्हणजे शंभर. एकशे सहा म्हणजे अठ्ठ्याण्णव. मी रोज घाटात थांबत होते ते धडधाकट गाडीला घेऊन! जेरोनोला त्या उन्हात बसवलं ते उगाच!

घरी येऊन परत पातेलं चढवलं आणि स्क्रू उलटा पिळून शहाण्णववर आणला. आईला मिठी मारली. ती म्हणाली, "मेले, घेवडा सांडेल!"

१७ फेब्रुवारी

किमोसोपला सांगितलं. आधी हसला, मग चहावालीकडे बघितलं, मग कान खाजवला. "असेल बाई. पण एकशे पाचचा नियम खरा, तो विसरू नको. आता काटा बरोबर आहे तर नियम जास्तच खरा."

वळणावर सत्त्याण्णव. थांबले नाही! मागून टाळ्या पडल्या. मी मात्र वर पोचेपर्यंत श्वास धरून होते.

१९ फेब्रुवारी

काटा शहाण्यासारखा वागतोय. भीती जात नाही. आधी वाटायचं, खोटं बोलतोय. आता वाटतं, खरं बोलतोय – आणि एखाद्या दिवशी खरंच एकशे सहा म्हणाला तर? थांबले तर जेरोनोचा टाका. नाही थांबले आणि इंजिन अडकलं तर घाटाच्या मध्यावर ना गाडी ना इस्पितळ, पुढचं वाहन कधी येईल देव जाणे. दोन्हीकडून मरण. हे कुणाला बोलून दाखवत नाही. आई विचारते, जेवत का नाहीस. मक्याची उगाली ताटात तशीच राहते, नुसतं दूध पिते.

२० फेब्रुवारी

मनाशी पक्कं केलं. एकशे पाच दिसले तर थांबायचं. थंड करायचं, मग चढायचं. अर्धी वाट चालून मेलेल्या गाडीपेक्षा उशिरा पोचलेली गाडी बरी. शहाण्या माणसाने आकड्यावर विश्वास ठेवावा. एवढी धडपड त्याचसाठी केली ना?

जेरोनोला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

२२ फेब्रुवारी, इतेन, इस्पितळाचा व्हरांडा

वही मांडीवर, अक्षर लागेल की नाही कोण जाणे.

सकाळी शेळ्या सोडताना कळा आल्या. तीन दिवस आधी! नर्सबाई आली, पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. "निघा. आत्ता. वरची रुग्णवाहिका खाली यायची वाट बघू नका, मी त्यांना फोन करून तयार राहायला सांगते." आईने आशीर्वाद म्हणून तोंडात दूध घेऊन गाडीवर आणि आमच्या दोघींच्या छातीवर फुंकलं. मग तीही मागे बसली, जेरोनोचं डोकं मांडीवर घेऊन.

पायथ्याच्या बिरेत्वोपर्यंत नव्वद. चढ लागला, त्र्याण्णव. जेरोनो आधी कण्हत होती, मग ओरडायला लागली, मग मला नको असलेलं सुरू झालं – ती गप्प झाली. आई म्हणत होती, "बोल गं, शिव्या दे, काहीतरी बोल." तांबाचच्या खाली शंभर. मी एसी कधीच लावत नाही, तरी तो बंद आहे का बघितलं. एकशे दोन. मागून आई – "पोरी, रक्त आहे. सीटवर रक्त आहे."

एकशे तीन.

एकशे चार.

देवा, मी त्या काट्याला हात जोडले असते, पण स्टिअरिंग सुटलं असतं. पुढे कडेला मोकळी जागा दिसली, तीच, जिथं मागे पुठ्ठ्याने वारा घातला होता. पाय ब्रेकवर गेला. मी ठरवलंच होतं. एकशे पाच दिसले की थांबायचं. आई किंचाळली, "थांबू नकोस!" मी किंचाळले, "इंजिन बसेल आई, मग काय करशील? पाठीवर नेशील?"

आणि काटा घसरला.

एकशे चारवरून शंभर. मग पंच्याण्णव. मी डोळे पुसून बघितलं. नव्वद. वरून गार वारा सुटला असेल, चढ कमी झाला असेल, आईचं दूध लागलं असेल, काहीही असेल! पाय ब्रेकवरून उचलला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तो शेवटपर्यंत. ऐंशी. सत्तर! गाडी थोडी खडखडत होती, ओढत नव्हती, कसला तरी जळका वास येत होता – कुणीतरी गवत पेटवलं असेल. मी काट्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घाटात भीती वाटली नाही. सत्तर! सत्तरला काय धाड भरणार आहे?

इस्पितळाच्या दारात शिरता शिरता इंजिन आपोआप बंद पडलं. मी चावीलाही हात लावला नव्हता. कोण बघतंय! स्ट्रेचर घेऊन धावत आले, तिला आत नेलं.

आई भिंतीला टेकून बसलीय. दार बंद आहे. कुणी काही सांगत नाही.

२३ फेब्रुवारी

मुलगी. जिवंत! रडली, आम्ही बाहेरून ऐकलं. जेरोनोही आहे. पांढरीफटक पडलीय, पण आहे. डोळे उघडून म्हणाली, "थांबली नाहीस ना ताई?"

डॉक्टरीण हात पुसत बाहेर आली. "टाका उसवलाच होता. वाटेत कुठं थांबला असतात तर –" पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. मी खाली बसले.

किमोसोपला निरोप धाडला, गाडी सुरू होत नाही, सवडीने बघ.

२४ फेब्रुवारी

किमोसोप आला. बोनेट उघडलं, मग गाडीखाली शिरला. खालचा पाइप फाटलाय, घाटातच कुठंतरी. आत पाण्याचा थेंब नाही. हेड वाकलं, इंजिन संपलं.

"पण काटा सत्तर दाखवत होता!" मी म्हटलं.

"सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, बाई. पाणी गेलं, तो नुसती हवा मोजत बसला. इंजिन तेव्हा जळत होतं." मग बोनेट खाली घेत त्याने विचारलं, "खरा आकडा दिसला असता तर थांबली असतीस ना?"

हो. थांबलेच असते.